गुंगीतल्या माणसाचा श्वास



आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बाईला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "पेशंट मशीनशी फाइट करतोय, म्हणून गुंगीचं औषध वाढवलंय." सिस्टर घाईत असते, सांगून निघून जाते. बाई तेच वाक्य फोनवर घरी सांगते आणि तासाभरात त्याचे दोन अर्थ निघतात. कुणी म्हणतं, "झोपवलं ते बरं झालं, त्रास तरी कळणार नाही." दुसरं कुणी वडीलधारं म्हणतं, "जीव सुटू पाहतोय आणि यंत्र अडवतंय. कशाला हाल करता? काढून टाका."

हे दोन्ही अर्थ आपल्या घरांतून मी इतक्यांदा ऐकले आहेत की आज त्यावर लिहायलाच बसले. दोन्हींमध्ये एक गोष्ट राहून जाते : आत पडलेल्या माणसाचं म्हणणं काय आहे, हे कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचा श्वास यंत्राशी जुळत नसेल तर त्याला काहीतरी कारण असतं. ते कारण शोधायच्या आधीच गुंगी वाढवणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं. आणि "कारण शोधलं का?" हे विचारायचा हक्क बाकड्यावर बसलेल्या बाईला आहे, मग ती शिकलेली असो वा नसो.

दवाखान्यात आपण चौकशी करत नाही असं नाही. नाकातल्या नळीने रात्री दूध देता का, प्रोटीन पावडरीत अंडं तर नाही ना, हे आपण पहिल्याच दिवशी विचारतो. विचारावंच. पण दिवसातून पंचवीस हजार वेळा जे चालतं, त्या श्वासाबद्दल एक प्रश्न आपल्या तोंडून निघत नाही. ते यंत्राचं काम, आपल्याला काय कळणार, असं वाटतं. म्हणून आधी यंत्राचं काम समजून घेऊ. ते वाटतं तितकं अवघड नाही.

यंत्र आणि माणूस कुठे चुकामूक करतात

आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोटाच्या मधलं श्वासपटल खाली सरकतं, छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. व्हेंटिलेटर याच्या उलट करतो. तो बाहेरून दाब देऊन हवा आत ढकलतो. रुग्ण पूर्ण निपचित असेल तर यंत्र आपल्या वेळापत्रकाने चालतं. पण गुंगीतही बहुतेकांचा मेंदू श्वासाची आज्ञा देतच असतो. मग एका छातीत दोन मालक होतात. यंत्राला तीन गोष्टी ओळखाव्या लागतात : रुग्णाला श्वास कधी हवा, किती जोराने हवा आणि कधी थांबायला हवं. या तिन्ही ठिकाणी चुकामूक होऊ शकते. डॉक्टर तिला 'असिंक्रनी' म्हणतात. आपण श्वास न जुळणं म्हणू.

पहिली चुकामूक सुरुवातीची. रुग्ण श्वास ओढतो, पण ती ओढ इतकी क्षीण असते की यंत्राला कळतच नाही. दार वाजवलं, आतून कुणी उघडलं नाही, असा तो प्रकार. चुलीच्या धुरात तीस-चाळीस वर्षं भाकरी थापलेल्या आपल्या आज्यांना हे फार होतं. त्यांच्या फुप्फुसातून हवा पूर्ण बाहेर पडत नाही, थोडी आतच अडकून राहते. पुढचा श्वास घ्यायला आधी त्या अडकलेल्या हवेच्या दाबावर मात करावी लागते. त्यातच सगळी ताकद जाते आणि यंत्रापर्यंत काही पोचत नाही. आता अशा आजीला गुंगी वाढवली तर काय होईल? ओढ आणखी क्षीण होईल. बाहेरून आजी शांत दिसतील आणि आत त्यांचे आणखी श्वास फुकट जातील.

याच्या उलटही होतं. रुग्णाने काही मागितलेलं नसताना यंत्र हवा सोडतं. नळीत साचलेलं पाणी हललं, कुठे हवा गळली, कधी नुसत्या हृदयाच्या ठोक्याने नळीतला दाब हलला, तरी यंत्राला वाटतं माणसाने श्वास मागितला.

दुसरी चुकामूक जोराची. रुग्णाला हवा भरभर हवी असते आणि यंत्र ठरलेल्या संथ गतीने देत असतं. तहानेने घसा सुकलेल्या माणसाला चमच्या-चमच्याने पाणी दिल्यावर त्याचं जे होतं, तेच इथे होतं. मानेचे स्नायू ताणले जातात, नाकपुड्या फुलतात, चेहऱ्यावर घाबरेपणा दिसतो.

तिसरी शेवटाची. रुग्णाचा श्वास अजून संपलेला नसतो आणि यंत्र हवा बंद करतं. रुग्ण ओढतच राहतो, त्याला यंत्र नवी मागणी समजतं आणि पहिली हवा बाहेर जायच्या आत दुसरी ढकलतं. एका श्वासावर दुसरा श्वास चढतो. इथे धोका खरा आहे. फुप्फुसं फार आजारी असतील तर एका वेळी किती हवा द्यायची याचं माप २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने ठरवून दिलं. ८६१ रुग्णांच्या त्या चाचणीत कमी हवा दिलेल्यांपैकी ३१ टक्के दगावले, जास्त दिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के. तेव्हापासून उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला ६ मिलिलिटर हे माप धरतात. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचं हे हिशेबाचं वजन ५० किलो येतं, म्हणजे एका श्वासाला ३०० मिलिलिटर. श्वासावर श्वास चढला की तिच्या फुप्फुसात दुपटीच्या जवळपास हवा जाते. यंत्राच्या पडद्यावर मात्र ठरवलेला आकडा ३०० हाच असतो.

ही काही क्वचित होणारी गोष्ट नाही. फ्रान्समध्ये २००६ साली ६२ रुग्णांच्या अभ्यासात जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत दहातला एकाहून जास्त श्वास जुळत नव्हता आणि ते रुग्ण जास्त दिवस यंत्रावर राहिले. स्पेनमध्ये २०१५ साली ५० रुग्णांचे सात हजारांहून जास्त तासांचे, म्हणजे सत्याऐंशी लाखांच्या आसपास श्वास संगणकाने तपासले. एकही रुग्ण असा निघाला नाही की ज्याचे सगळे श्वास जुळत होते. ज्यांच्यात न जुळणारे श्वास जास्त होते त्यांच्यात मृत्यूही जास्त होते. यावरून न जुळणाऱ्या श्वासानेच माणूस गेला असं सिद्ध होत नाही. जास्त आजारी माणसाचाच श्वास जास्त बिघडत असेल. पण दुर्लक्ष करण्याजोगी ही गोष्ट नाही, एवढं नक्की.

गुंगी म्हणजे आराम नाही

आपला सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. झोपवलं म्हणजे त्रास संपला, असं आपण धरून चालतो. मिडाझोलम किंवा प्रोपोफॉल ही औषधं झोप आणतात, वेदना थांबवत नाहीत. वेदनेसाठी फेंटानिलसारखं वेगळं औषध लागतं. दुखतंय आणि सांगता येत नाही, अशा स्थितीत माणूस पडून राहू शकतो. म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी क्रम सांगितला : आधी वेदना बघा, मग गुंगीचं ठरवा, आणि शक्य तिथे गुंगी हलकी ठेवा.

जिथे रुग्णाला बोलता येत नाही तिथे वेदना मोजायला सिस्टर एक तक्ता वापरतात. त्यात चार गोष्टींना गुण असतात : चेहरा, शरीराची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि चौथी गोष्ट, रुग्ण व्हेंटिलेटरशी जुळवून घेतोय का. ही चौथी ओळ वाचून मी थांबले होते. आपण ज्याला 'मशीनशी भांडणं' म्हणतो, ते वैद्यकाच्या स्वतःच्या तक्त्यात वेदनेचं लक्षण म्हणून लिहिलेलं आहे. मग ते दिसल्यावर पहिला प्रश्न 'दुखतंय का?' हाच असायला हवा.

गुंगीने श्वास जुळतो हेही नेहमी खरं ठरत नाही. २००९ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात गुंगी जितकी खोल, तितके फुकट जाणारे श्वास जास्त, असं दिसलं. २०१३ साली दुसऱ्या एका अभ्यासात श्वासावर श्वास चढणाऱ्या ३० रुग्णांत दोन उपायांची तुलना झाली. गुंगी आणि वेदनाशामक वाढवण्यापेक्षा यंत्राची मांडणी रुग्णाप्रमाणे बदलल्याने जास्त फरक पडला. त्याच वर्षी खोल गुंगीतल्या आठ रुग्णांचं एक निरीक्षण प्रसिद्ध झालं. यंत्र हवा ढकलत होतं आणि त्या ढकलण्याच्या मागोमाग रुग्णाचं श्वासपटल आपोआप आकसत होतं. माणूस इतका झोपलेला की हाक मारली तरी पापणी हलत नाही, आणि तरीही श्वास यंत्राशी अडखळतोय. म्हणजे 'अगदी शांत झोपलेत' या शब्दांवर निश्चिंत होऊन घरी जावं, असं नाही.

शिकागो विद्यापीठातल्या २००० सालच्या चाचणीबद्दलही आपल्याला माहीत असायला हवं. १२८ रुग्णांपैकी निम्म्यांची गुंगी रोज एकदा थांबवून त्यांना जागं होऊ दिलं. त्यांचे यंत्रावरचे दिवस मध्यमान ७.३ वरून ४.९ वर आले. अडीच दिवस म्हणजे काय, हे बाकड्यावर रात्री काढलेल्या बाईला सांगायला नको.

आपल्या समाजात हमखास निघणारा एक प्रश्न इथेच घेते. दुधासारखं पांढरं दिसणारं प्रोपोफॉल तेलाच्या मिश्रणात बनवतात आणि त्यात अंड्यातलं लेसिथिन असतं. ज्यांना हे खटकतं त्यांनी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं, दुसरी औषधंही असतात. पण ते ऐनवेळी बंद करा म्हणून हट्ट धरू नये. जीव वाचवताना कोणतं औषध चालेल हे डॉक्टरांना ठरवू द्यावं, मनाला लागलं तर प्रायश्चित्त नंतर घेता येतं.

उरलेला एक प्राण

पाठशाळेत आपण दहा प्राण शिकलो. पाच इंद्रियं, मन-वचन-काय ही तीन बळं, श्वासोच्छ्वास आणि आयु. आता गुंगीतल्या माणसाकडे या नजरेने पाहा. डोळे मिटलेले, बाकीची इंद्रियं बोथटलेली. घशात नळी, ती स्वरतंतूंच्या मधून गेलेली, म्हणून वचनबळ नाही. हात बांधलेले किंवा ढिले, कायबळ नाही. मन औषधाने झाकलेलं. आयु चालू आहे, पण ते बाहेर दिसत नाही. उरला श्वासोच्छ्वास. स्वतःबद्दल काही कळवायला त्या जीवाकडे हा एकच प्राण मोकळा आहे. तो वेगाने चालतो, अडखळतो, ओढतो, तेव्हा तो माणूसच बोलत असतो.

हिंसेची व्याख्या करताना आपल्या आचार्यांनी नुसत्या मारण्याला हिंसा म्हटलं नाही. प्रमादाने, म्हणजे बेसावधपणाने, जीवाच्या प्राणांना बाधा पोचवणं ही हिंसा. एकेंद्रिय जीवालाही श्वासोच्छ्वास आहे असं आपण मानतो, पाणी गाळून उरलेले जीव परत त्याच पाण्यात सोडतो. मग आपल्याच सासऱ्यांचा, आईचा श्वास अडखळत असताना 'झोपवा म्हणजे दिसणार नाही' असं आपण म्हणावं, हे आपल्या धर्माला शोभत नाही. आपल्याला बघवत नाही म्हणून त्यांना झोपवणं आणि त्यांच्या भल्यासाठी झोपवणं, यातला फरक प्रत्येकीने स्वतःला विचारावा.

पण 'गुंगी वाईट' असं म्हणून थांबले तर तेही एकांत मत होईल. काही वेळा खोल गुंगीच योग्य असते. फुप्फुसं फार बिघडली असतील आणि रुग्ण इतक्या जोराने श्वास ओढत असेल की त्या ओढीनेच इजा वाढेल, तर तो जोर कमी करावाच लागतो. मेंदूतला दाब वाढलेला असेल, झटके थांबत नसतील, तर झोपवावंच लागतं. कधी स्नायू पूर्ण ढिले करणारं औषधही देतात. ते सर्वांना सरसकट द्यावं का, याबद्दल डॉक्टरांतही एकमत नव्हतं. २०१० च्या फ्रान्समधल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला, २०१९ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. आणि रुग्णाला हवी तितकी हवा सोडून द्यावी, असंही नेहमी करता येत नाही, कारण ६ मिलिलिटरचं माप त्याच्याच रक्षणासाठी आहे. कधी कधी त्या मापामुळेच त्याला हवा कमी पडल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना ही तारेवरची कसरत रोज करावी लागते. त्यांच्या निर्णयावर शंका घ्या असं मी म्हणत नाही. निर्णयामागचं कारण विचारा, एवढंच म्हणते. चांगले डॉक्टर ते दोन वाक्यांत सांगतात.

कामाचा भारही समजून घेऊ. रात्रपाळीला एका सिस्टरकडे दोन-तीन यंत्रं असली तर प्रत्येक अलार्मला थांबून कारण शोधायला वेळ कुठून आणणार? औषधाचा पंप एका बोटाने वाढतो, कारण शोधायला पंधरा मिनिटं लागतात. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा व्हेंटिलेटर पुरेसे नव्हते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी गळ्यात नळी घालून रबरी पिशवीने हवा द्यायची पद्धत सुरू केली आणि सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातांनी पिशव्या दाबल्या. पिशवी हातात असली की समोरचा माणूस श्वास घेतोय हे हाताला कळतं. आज यंत्र न दमता ते काम करतं, फार मोठी सोय झाली. पण त्या हाताची जागा कुणाच्या तरी नजरेने भरून काढावी लागते. त्या नजरेत घरच्या माणसाची भर पडली तर सिस्टरला मदतच होते.

जीव सुटू पाहतोय म्हणणाऱ्यांना

दुसऱ्या अर्थाकडे वळते, कारण तो जास्त धोक्याचा आहे. श्वासाची ओढाताण पाहून 'आता सल्लेखना समजून सोडून द्या' असं म्हणणारी माणसं आपल्यात आहेत. त्यांचा भाव चांगला असतो, पण विचार चुकीचा आहे. सल्लेखना हे व्रत आहे. घेणारा जागा हवा, त्याची स्वतःची इच्छा हवी, कषाय मंद झालेले हवेत, गुरूंची आज्ञा हवी. गुंगीतल्या माणसाला व्रत घेता येत नाही आणि त्याच्या वतीने मुलाला किंवा सुनेला ते देता येत नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखनेला आत्महत्येच्या रांगेत बसवलं तेव्हा आपण सगळ्या रस्त्यावर उतरलो. हे जाणीवपूर्वक घेतलेलं व्रत आहे, हेच आपलं म्हणणं होतं. त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मोर्चात जे म्हटलं ते आयसीयूच्या दारातही आठवायला हवं.

उपचार थांबवण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो कधी ना कधी अनेक घरांत येतो. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मार्ग घालून दिला आणि २०२३ साली तो सोपा केला. माणसाने आधी लिहून ठेवलेली इच्छा आणि डॉक्टरांच्या मंडळांचं मत, अशा रीतसर मार्गाने तो निर्णय होतो. आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे का, यावर तो ठरतो. नळीत साचलेल्या पाण्यामुळे किंवा दुखण्यामुळे श्वास अडखळला, त्यावरून तो ठरू नये. जो त्रास यंत्राचं एक बटण फिरवून जाऊ शकतो, तो पाहून यंत्रच काढायला सांगणं योग्य नाही.

आपण काय करू शकतो

आमच्या नात्यातल्या एका आजींची गोष्ट सांगते. त्या यंत्राशी भांडत होत्या, हात उचलत होत्या. दुपारच्या भेटीत सुनेने सिस्टरला दोन गोष्टी सांगितल्या : आजींना कानातल्या यंत्राशिवाय ऐकू येत नाही, आणि त्या घरी कानडी बोलतात, हिंदी त्यांना कळत नाही. कानात यंत्र घातलं, सुनेने कानडीत विचारलं, "कुठे दुखतंय?" आजींनी ओटीपोटाकडे हात नेला. सिस्टरने पाहिलं तर लघवीची नळी मांडीखाली दबून बंद झाली होती. नळी मोकळी केली, पाच मिनिटांत श्वास शांत झाला. गुंगी वाढवावी लागली नाही. प्रत्येक वेळी उत्तर इतकं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. पण प्रश्न विचारल्याशिवाय सोपं उत्तरही सापडत नाही.

डॉक्टर राउंडला आले की हळू आवाजात, हात जोडून, पण नक्की विचारा. वेदनेचं मोजमाप आज किती आलं? गुंगी किती खोल आहे आणि किती हवी आहे? याचाही एक मापदंड असतो, शांत जागेपणाला शून्य आणि अगदी खोल गुंगीला उणे पाच. शक्य असेल तिथे शून्य ते उणे दोनच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. श्वास जुळत नसेल तर नळी, कफ, साचलेलं पाणी पाहिलं का, यंत्राच्या मांडणीत काय बदलून बघितलं? आज गुंगी थोडी कमी करून बघणार आहात का? नसाल तर कारण काय? हे चार प्रश्न वहीत लिहून न्या, घाबरल्यावर आठवत नाहीत.

आणि जे तुम्हालाच माहीत आहे ते आपणहून सांगा. किती वर्षं चूल फुंकली, मशेरी लावत होत्या का, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नव्हती का. रोज झोपेची अर्धी गोळी घेत असतील तर ती आवर्जून सांगा, अचानक बंद झाली की माणूस अस्वस्थ होतो. गुडघा दुखायचा, पाठीवर सरळ झोपवलं की कळ यायची, हेही सांगा. चष्मा आणि कानातलं यंत्र घरी कपाटात ठेवू नका. भेटीला गेलात की नाव घेऊन सांगा : आज कोणता वार, कुठे आहात, तोंडात नळी का आहे, म्हणून बोलता येत नाहीये.

उशाशी मोबाइलवर दिवसभर मंत्र लावून ठेवायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. तिथे आधीच अलार्मचा गोंगाट असतो, झोप मिळत नाही. त्यापेक्षा तुम्ही स्वतः म्हणा. कायोत्सर्गात आपण एक णमोकार तीन श्वासांत म्हणतो, नऊ वेळा म्हणजे सत्तावीस श्वास. यंत्रावर मिनिटाला अठरा श्वास असतील तर तीन श्वासांना दहा सेकंद लागतात, मंत्र त्यात नीट बसतो. आपल्या श्वासाच्या हिशेबाने न म्हणता त्यांच्या श्वासाबरोबर म्हणा. सत्तावीस श्वासांना दीड मिनिट लागेल. त्या दीड मिनिटात मोबाइल पिशवीत ठेवा आणि छातीकडे पाहा. पोट किंवा मान ओढली जातेय आणि यंत्राची हवा मात्र येत नाही, असं कितीदा होतं? एकावर एक दोन श्वास किती वेळा आले? सत्तावीसात तीन वेळा झालं तर तो दहातला एकाहून जास्त झाला, म्हणजे अभ्यासांत ज्याला जास्त म्हणतात तितका. दिसलं तर सिस्टरला सांगा : "मी सत्तावीस श्वास मोजले, तीन-चार वेळा असं झालं, जरा पडद्यावर बघता का?"

नाही दिसलं म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. पडद्यावरचा आलेख वाचणाऱ्या अनुभवी डॉक्टरांच्या नजरेतूनही न जुळणारे बरेचसे श्वास सुटतात, हे २०११ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. आपलं मोजणं हे निदान नाही. यंत्राला, नळीला, पंपाला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. आपण फक्त लक्ष द्यायचं आणि बोलायचं.

एक विनंती. दशलक्षण पर्वात आपली महिला मंडळं डॉक्टरांचं व्याख्यान ठेवतात, शुगर आणि बीपीवर. यंदा एखाद्या आयसीयूच्या सिस्टरला बोलवा. तिला तिच्या कामाबद्दल विचारा, वेदनेचा तो तक्ता मागून घ्या आणि तिला नीट जेवायला घालून, अर्थात सूर्यास्ताच्या आत, सन्मानाने घरी पाठवा.

जय जिनेंद्र.